टाकं, टँक आणि टँकर

“टँकर सुरू झाला गं,” आई फोनवर म्हणाली. दुसऱ्या कुणाची आई ज्या सुरात आंबे आले म्हणून सांगेल, त्या सुरात. दर वर्षी चैत्रात तिचा हा फोन येतो आणि मला कळतं, उन्हाळा लागला. आष्ट्यात राहून तो तसा कळत नाही. इथं भर उन्हात उसाला पाणी सोडलेलं असतं, पाटाच्या कडेनं चाललं तर पाय गार पडतात, आणि शाळेच्या नळाची तोटी कुणी उघडी टाकली तरी कुणी जागचं उठत नाही. मी उठते. मी चालू तास सोडून तोटी बंद करायला जाते आणि पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. वडूजच्या पलीकडच्या दुष्काळी माळावर जिचं बालपण गेलं तिला वाहत्या तोटीचा आवाज सहन होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

या वर्षीचा फोन आला आणि गेल्या वर्षीचा सगळा उन्हाळा पुन्हा डोक्यात गेला. वर्ष उलटलं तरी माझा राग शिळा होत नाही, हा माझा दोष असेल तर असू दे.

त्याची सुरुवात आमच्या स्टाफरूममध्ये झाली. पेपर तपासायचे दिवस. टेबलावर गठ्ठे, वर कुरकुरणारा पंखा, खिडकीतून कडुनिंबाच्या मोहराचा कडसर वास, आणि आमचे मराठीचे सर मोबाईल उंच धरून वाचून दाखवतायत. इंग्रजांनी ‘टँक’ हा शब्द आपल्याकडून उचलला, तो आपल्या ‘टाकं’ या शब्दावरून झाला, अभिमान वाटत असेल तर दहा जणांना पाठवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “काय मॅडम, तुमची इंग्रजी आमच्या मराठीपुढं पाणी भरते की.”

मी खरं ते सांगितलं. शब्दाच्या मुळाशी टाकं आहे, पण कोशकारांपैकी कुणी गुजराती म्हणतं, कुणी मराठी, आणि वाटेत पोर्तुगीजांचाही तसाच एक शब्द त्यात मिसळलाय. सरांना पोर्तुगीज आवडले नाहीत. “ते सोडा हो,” म्हणाले, “आपलं ते आपलं.” आणि संदेश पुढे गेला. टँकपेक्षा तो ‘आपलं’ माझ्या जास्त लक्षात राहिला.

तसं शब्दांच्या जन्मकथा सांगणं हा माझा धंदाच आहे. व्याकरणाला जांभया देणारी पोरं या गोष्टींना डोळे उघडतात. ‘लाईन’ म्हणजे मुळात जवसाच्या झाडाचा धागा. ‘रायव्हल’ म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी पिणारे दोघं. हे सांगितलं की आष्ट्याची पोरं चक्रावतात. एका ओढ्याचं पाणी पितात म्हणजे शेजारीच की, मग वैरी कसे? माझ्या गावाकडच्या कुठल्याही पोराला हे समजावून सांगावं लागलं नसतं. टँकरभोवती ज्यानं एक उन्हाळा काढलाय त्याला रायव्हल कसा तयार होतो ते पाठ असतं.

आणि टँकची गोष्ट तर मला फार आवडायची. पाथरवटाची टाकी खडकावर चालते, देवपण यायला जिचे घाव सोसावे लागतात तीच टाकी, आणि तिनं खोदलं ते टाकं. तो शब्द साहेबानं ऐकला, बोटीत घातला, घरी नेला. पुढं पहिल्या महायुद्धात त्यांनी चिलखती गाड्या बांधायला घेतल्या. गुपित फुटू नये म्हणून कामगारांना सांगितलं, पाण्याच्या टाक्या करतोय. गाड्या लढाईवर गेल्या आणि नाव तसंच चिकटून राहिलं. शेजारच्या गावचे रिटायर सुभेदार अजून छाती काढून सांगतात, “आपण टँकवर हुतो.” आई त्यावर म्हणते, “आन मी टँकरवर. माज्या बी लय लढाया झाल्यात.”

पण आपलं म्हणजे कुणाचं? सरांच्या त्या अभिमानात माझा वाटा कुठं होता?

आमच्या गावचं टाकं माळाच्या उतारावर काळ्या खडकात खोदलेलं आहे. आत उतरायला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला जनावरांसाठी घसरती वाट. आणि पायऱ्यांच्या अलीकडे, बाहेर, एक दगडी डोण. हातभर खोल, बाळंतिणीच्या बाजेएवढी लांब. आमच्या वस्तीतल्या बायका त्या डोणीपाशी उभ्या राहायच्या. पायऱ्या आमच्यासाठी नव्हत्या. आत उतरलेल्या बायकांचे आपापले हंडे भरले, त्यांच्या गप्पा संपल्या, की त्यातली एखादी जाता जाता डोणीत पाणी ओतायची. मग आमच्या बायका त्यातून वाटीनं आपापली कळशी भरून घ्यायच्या. मी अगदी लहान होते, आईच्या पदराला धरून उभी असायचे. ती धार उंचावरून यायची, कमरेच्या वरून, आणि डोणीत पडून आमच्या अंगावर उडायची. मी आईला विचारलं, या बायका वाकून का ओतत नाहीत? आई म्हणाली, “त्यांचं हात दुखत्यात गं. वाकवत न्हाई.”

खाली वाकलं तर आमच्या डोणीतला शिंतोडा त्यांच्या हंड्याला लागेल, हे कारण मला फार उशिरा कळलं. तोवर कैक वर्षं मी त्या बायकांच्या हातांची कीव करत होते. माझ्या आईनं मला अपमानापासून वाचवायला हे खोटं रचलं, आणि ते इतकं चांगलं रचलं की मी रात्री झोपताना त्यांचे हात बरे होऊ देत म्हणायचे. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

संध्याकाळी धनगरांची मेंढरं यायची. ती मात्र घसरत्या वाटेनं थेट आत उतरायची आणि टाक्याला तोंड लावून प्यायची. त्यांना कुणी हटकत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात टाकं आटलं आणि गावात पहिला टँकर आला. तो प्रसंग आई अजून रंगवून सांगते. बायकांनी आपापले हंडे ओळीनं मांडले होते. ज्यांना घरी कामं होती त्यांनी हंड्याऐवजी दगड ठेवून नंबर धरला होता, प्रत्येक घराचा दगड वेगळा आणि सगळ्या गावाला ओळखू येणारा. आमच्या वस्तीची ओळ अर्थात लांब, रस्त्याकडेला. टँकर आला तो रस्त्यानं. ड्रायव्हर विट्याकडचा, परका, त्याला गावाची रीत काय ठाऊक. त्यानं गाडी थांबवली, पाईप ओढला आणि सगळ्यात जवळ असलेल्या हंड्यात सोडला. तो हंडा आईचा होता. पलीकडून कालवा झाला, आधी इकडं, आधी इकडं. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, “जी म्होरं हाय तिला देतोय. मला काय ठावं तुमचं?” आई सांगते, “पयल्यांदा माज्या हंड्यात कुणाच्या आधी पानी पडलं. मी हंडा उचलायचं इसरून बघतच बसले.”

म्हणून अभिमानाचे संदेश आले की मला वेगळंच वाटतं. टाकं हा शब्द साहेबाच्या देशात गेला, लोखंडाचा झाला, चाकं लावून परत आला, आणि येताना जात कुठंतरी विसरून आला. टाक्यानं जे कधी केलं नाही ते टँकरनं एका दिवसात केलं, आणि ते काही कुणाच्या चांगुलपणानं नाही, एका माणसाला रीत माहीत नव्हती म्हणून. टँकरची मला कौतुकं नाहीत. इतकी वर्षं माणसांनी पाण्यासाठी भोंगा ऐकत बसावं याची लाजच वाटायला हवी. आईच्या दारात आता नळ आहे, त्याला कनेक्शन म्हणतात, आणि त्यावर ती फडकं वाळत घालते. पण टाकं की टँकर अशी निवडच करायची तर आईला विचारा. ती टँकरचं नाव घेईल.

तर त्या स्टाफरूमच्या दिवसानंतर आठवडाभरातच गावच्या सरपंचाचा फोन आला. पोरगा तिशीतला, हुशार, गावासाठी धडपडणारा. त्याच्यापर्यंतही तो संदेश पोचला होता. “मॅडम, टँक शब्द आपल्या टाक्यावरनं गेलाय म्हणं. लय भारी गोष्ट हाय. आमी टाक्यातला गाळ काढलाय, पोरांनी लय राबून काढला. आता बोर्ड लावायचाय, मराठी आन इंग्रजी. इंग्रजी तुमी लिवून द्या.” मी हो म्हणणार होते. त्यानं मराठी मजकूर मोबाईलवर पाठवला. आपल्या पूर्वजांचं हे प्राचीन टाकं पब्लिकसाठी सदैव खुलं होतं, जात-पात न पाहता त्यानं सगळ्या गावाची तहान भागवली, आणि शेवटची ओळ अशी: बाहेरील दगडी डोण जनावरांना पाणी पाजण्यासाठी होती.

मी तो मजकूर उभ्यानं वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

त्याच्या तोंडी मी मॅडम. मॅडम म्हणजे मुळात ‘माझी घरधनीण’. त्याची आज्जी माझ्या आईला “ए हौसे” म्हणायची, आणि ते सुद्धा पायऱ्यांवरून, लांबून. आणि ‘पब्लिक’ म्हणजे लोकांचं. मग आम्ही कोण होतो? शब्दांचे अर्थ काळाबरोबर आपोआप बदलतात असं मी मुलांना शिकवत आले. ते अर्धंच खरं आहे. पुष्कळदा कुणीतरी वरच्या पायरीवर उभं राहून ते बदलतं. सिनेमातला व्हिलन घ्या. मूळ शब्द शेतावर राबणाऱ्या गड्यासाठी होता. वाड्यातल्या लोकांनी तो इतक्या तुच्छतेनं उच्चारला की गड्याचा बदमाश झाला. गड्याला कुणी विचारलं नाही. आमच्याकडे तर अख्ख्या वस्तीचं नाव शिवी म्हणून वापरून झालं. आणि आता तेच हात पुसून म्हणतात, असं काही नव्हतंच, ती डोण जनावरांची.

रविवारी मी गावी गेले. भाऊ पुण्याला असतो, आई एकटीच राहते. मी किती वेळा म्हटलं, आष्ट्याला चल. तिचं ठरलेलं उत्तर, “तितं पानी लय हाय, मला करमत न्हाई.” मी तिला बोर्डाचा मजकूर वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. शेवटच्या ओळीला तिचे हात थांबले. “परत वाच,” म्हणाली. मी परत वाचली. तिनं सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि काठी घेतली.

सरपंच टाक्यापाशीच होता, पोरांकडून पायऱ्या धुऊन घेत होता. बाभळीच्या सावलीला म्हातारे धनगर तात्या बसले होते, ज्यांच्या मेंढरांनी ते टाकं आयुष्यभर पाहिलं. सरपंच लगबगीनं पुढं आला. “आवं मावशी, उनाचं कशाला आला? बगा, कसं झालंय. आता ही डोण तेवडी फोडायची, तिच्यामुळं पायऱ्या झाकत्यात. फोटूत येत न्हाई नीट. बोर्डावर नुसतं नाव ठेवू.”

आई डोणीच्या काठावर बसली. दगड तापलेला होता तरी बसली. “फोडू नगंस, बाळा,” म्हणाली. “आन जनावरांची म्हनू नगंस. आमी पेलोय हितलं पानी. तुजी आज्जी वतायची वरनं.”

तो गोंधळला. खरंच त्याला माहीत नसावं, इतकं मी मान्य करते. पण माहीत झाल्यावर त्यानं जे केलं त्याचाच मला राग आहे. तो खाली बसला, आवाज बारीक केला आणि म्हणाला, “मावशी, आता कोन पाळतंय का काय? टँकरला सगळी एकाच लाईनीत हुबी ऱ्हात्यात. बाहेरनं लोकं येणार. गावाची इज्जत कशाला काढायची?”

“गावाची इज्जत जाते,” मी म्हणाले, “आणि माझी आई जनावर झाली ते चालतं?”

“मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. तुमी तरी समजून घ्या.”

बाभळीखालून तात्या म्हणाले, “सरपंच, माजी मेंढरं आत उतरायची. डोणीला त्यांनी तोंड न्हाई लावलं कवा. ती ह्यांचीच. हौसा खरं बोलतीया.” धुणाऱ्या पोरांचे हात थांबले होते. सरपंच उठला, पँटची धूळ झटकली आणि म्हणाला, “बघू.”

आमच्या भागात बघू म्हटलं की ते काम होणार नाही, हे सगळ्यांना कळतं. परत येताना मला भीती वाटत होती. टँकर कुठं थांबवायचा ते सरपंच ठरवतो, आणि आई गावात एकटी. मी तिला म्हटलं, आई, तुला राहायचंय इथं, नको ताणायला. ती थांबली. “आगं, मी तुला लहानपनी खोटं सांगितलं ते तू ल्हान हुतीस म्हनून,” म्हणाली. “ह्यो काय ल्हान हाय?”

मी इंग्रजी लिहून दिलं नाही. सरपंचाला तसं स्पष्ट कळवलं. त्यानं मोबाईलकडून भाषांतर करून घेतलं. वैशाखातल्या एका रविवारी उद्घाटन ठरलं. मी गेले. मांडव, हार, लाऊडस्पीकर, तालुक्याहून पाहुणे. आणि टाक्यात पाणी. वैशाखात टाक्यात पाणी कुठून येणार? सकाळीच टँकर आणून ओतला होता, फोटोसाठी. ज्या गावात बायका कळशीभर पाण्यासाठी उन्हात दगड मांडून बसतात, तिथं माणसांचं पाणी खडकात ओतलं, तो खडक साजरा दिसावा म्हणून. डोण मात्र शाबूत होती. तात्यांनी तिथं बसून राहून पोरांना घण उचलू दिला नाही, असं मला नंतर कळलं.

बोर्डावरचा कापडाचा पडदा ओढला. टाळ्या झाल्या. आईनं माझ्याकडे बघितलं. तिला वाचता येत नाही. “काय लिवलंय?” मी वाचून दाखवलं. सगळं तसंच होतं, शेवटच्या ओळीसकट, आणि त्याच्याखाली इंग्रजीतही तेच. तिनं मान हलवली. घरून तिनं कळशी आणली होती, मला वाटलं होतं पाहुण्यांना पाणी द्यायला. ती उठली, पाहुण्यांच्या पुढून चालत डोणीपाशी गेली, आणि कळशी तिच्यात रिकामी केली. मग खाली बसली, ओंजळ भरली आणि प्याली. पुन्हा भरली, पुन्हा प्याली. लाऊडस्पीकर चालू होता, पण भाषण करणारा थांबला होता.

सरपंच धावत आला. “मावशी, लोकं बगत्यात.”

“बगू दे की,” आई म्हणाली, “जनावर कसं पेतं ते.”

पाहुण्यांनी आपापसात विचारलं, काय प्रकार आहे, आणि गावातल्या कुणाचीही ते सांगायला जीभ उचलेना. माझ्यापाशी सांगायला पुष्कळ होतं, पण ती जागा माझी नव्हती. आईनं तोंड पुसलं, मला हात धरायला सांगितला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ती एकदाच बोलली, भाकरी टाकायच्यात म्हणून.

सरपंचानं बोर्ड दुरुस्त केला. म्हणजे काय केलं, तर शेवटच्या ओळीवर पांढरा रंग मारला. इंग्रजीतल्या ओळीवरही. खरी ओळ लिहायला त्याचा हात धजला नाही आणि खोटी ठेवायची सोय राहिली नाही. मी फोनवर भांडले. तो म्हणाला, “मॅडम, आता काय वाईट लिवलेलं न्हाई ना? मग?” त्याला वाटतं, यात प्रश्न मिटला. सगळ्या देशात प्रश्न असेच मिटवतात.

या वर्षी टँकर सुरू झाला, त्या फोनवर मी आईला विचारलं, बोर्डाचं काय झालं पुढं? ती म्हणाली, पट्टा तसाच आहे. तिनं तिथंच डोणीला टेकून दगड टाकून बसायची जागा केलीय, टँकरची वाट बघता बघता. सुट्टीत शहरातून लोक येतात, गाड्या लावतात, फोटो काढतात, बोर्ड वाचत वाचत त्या पांढऱ्या पट्ट्याशी येऊन अडकतात. एवढ्या सुबक बोर्डावर मध्येच हे काय फासलंय, म्हणून इकडेतिकडे बघतात. जवळ आईच असते.

“मग मला इच्यारत्यात,” आई म्हणाली, “आज्जी, हितं काय हुतं?”

“मग तू काय सांगतेस?”

“काय सांगनार? सांगते, हितं आमी हुतो.”